प्रयोगशाळेतला कोड छोट्या कंपनीच्या सर्किट बोर्डावर उतरवताना

सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या प्रयोगशाळेत दूरसंचार आणि ध्वनी-चित्र तंत्रावर झालेलं काम आठ-दहा माणसांच्या कंपनीपर्यंत पोहोचवायचं, तर प्रत्यक्षात काय काय करावं लागतं ते इथे क्रमाने मांडलं आहे. उदाहरण म्हणून प्रतिध्वनी काढून टाकणारा अल्गोरिदम घेतला आहे. या कामात जे बिघडू शकतं ते जवळजवळ सगळं त्यात भेटतं. कंपनी दाराचे इंटरकॉम आणि बैठकीच्या टेबलावरचे स्पीकरफोन बनवते. तिच्याकडे फर्मवेअर (यंत्राच्या आत चालणारा प्रोग्रॅम) लिहिणारा एकच इंजिनिअर आहे आणि ग्राहकाचा फोनही तोच घेतो.

पहिल्या भेटीत प्रयोगशाळेने आपल्या कामाचं सादरीकरण करू नये, असं आमचं ठाम मत आहे. आधी कंपनीला विचारावं, ग्राहक कशाबद्दल तक्रार करतात? ‘पलीकडच्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो’ हे एक वाक्य मिळालं की पुढची तासाभराची बैठक आकड्यांवर घालवायची. प्रोसेसर कोणता, किती मेगाहर्ट्‌झचा, मोकळी मेमरी किती, सॅम्पलिंग (सेकंदाला आवाजाची किती मोजमापं) किती हजारांचं, स्पीकर आणि माइकला घड्याळ एकच की वेगळं, आवाज जायला आत्ता किती मिलिसेकंद लागतात. हे सगळं एका पानात मावतं. ते पान हाती नसेल तर कराराची चर्चा सुरूच करू नये.

या पानावरून पहिला हिशेब तिथेच बसून होतो. खोलीतला प्रतिध्वनी १२८ मिलिसेकंद टिकतो असं धरलं आणि सॅम्पलिंग १६ किलोहर्ट्‌झ असलं, तर प्रतिध्वनीचा अंदाज बांधून तो माइकच्या आवाजातून वजा करणाऱ्या फिल्टरला २०४८ गुणक लागतात. पाठ्यपुस्तकी पद्धतीत दर सॅम्पलला प्रत्येक गुणक एकदा वापरायचा आणि एकदा सुधारायचा, म्हणजे सेकंदाला सुमारे ६.५५ कोटी गुणाकार-बेरजा. कंपनीच्या बोर्डावर १६८ मेगाहर्ट्‌झचा कॉर्टेक्स-एम४ प्रोसेसर आहे, म्हणजे सेकंदाला १६.८ कोटी चक्रं. मेमरीतून आकडे आणण्यासकट एका क्रियेला तीनच चक्रं धरली तरी गरज १९ कोटींच्या पुढे जाते. शोधनिबंधातली पद्धत जशीच्या तशी या बोर्डावर बसणार नाही, हे इथेच कळतं. मग तोच फिल्टर १२८ सॅम्पलच्या तुकड्यांत, एफएफटी (आवाज वारंवारतांमध्ये झटपट फोडणारी गणिती पद्धत) करून वारंवारतेच्या अंगाने चालवायचा. सोळा तुकडे, प्रत्येकी १२९ संमिश्र संख्या. आकडेमोड दहाव्या हिश्श्याहूनही कमी उरते. गुणक आणि मागच्या तुकड्यांचे स्पेक्ट्रम मिळून मेमरी ३३ किलोबाइटच्या आसपास लागते आणि विलंब ८ मिलिसेकंदांनी वाढतो. संभाषणासाठी एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असं आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ ही शिफारस सांगते. तेव्हा आठ परवडतात. असा हिशेब समोर मांडला की कंपनीचा इंजिनिअर मोकळेपणाने बोलू लागतो. त्याला तोवर वाटत असतं, आपल्याला इथे गणित शिकवणार आहेत.

तांत्रिक तयारीच्या नऊ पायऱ्यांची मोजपट्टी बहुतेकांना माहीत असते. प्रयोगशाळेचा कोड सहसा चौथ्या पायरीवर असतो, म्हणजे टेबलावर, ठरवलेल्या परिस्थितीत चालतो. कंपनी मात्र तो सातव्या पायरीवर आहे, म्हणजे खऱ्या वापराच्या जागी चालून दाखवलेला आहे, असं समजून डिलिव्हरीची तारीख देऊन बसते. या दोन पायऱ्यांमधलं काम कोण करणार आणि कुणाच्या पैशाने, हा हस्तांतरणातला खरा प्रश्न आहे. तो पहिल्याच महिन्यात लेखी सोडवावा लागतो.

आता हक्क. कोडची प्रत्येक फाइल कुणी लिहिली याची यादी करायची. कंटाळवाणं काम आहे, पण टाळलं तर सगळं त्यावरच अडकतं. कायम नोकरीतल्या संशोधकाचं लेखन बहुतेक ठिकाणी संस्थेचं असतं. पीएचडीचा विद्यार्थी मात्र शिष्यवृत्तीवर असेल, कर्मचारी नसेल, तर त्याच्या कोडवर संस्थेचा हक्क आपोआप येतोच असं नाही. त्याची सही वेगळी घ्यावी लागते, आणि ती तो गावात असतानाच घ्यावी. पाहुणा संशोधक सहा महिने येऊन एक फाइल लिहून गेला असेल, तर त्याच्या मूळ संस्थेला विचारावं लागतं. एखाद्या अनुदानित प्रकल्पात मोठी कंपनी भागीदार असेल, तर त्या प्रकल्पाच्या करारात तिला पहिली संधी देण्याचं कलम असू शकतं. ते कलम शोधून, तिचा लेखी नकार घेऊन मगच पुढे जायचं.

त्यानंतर उसना कोड. प्रतिध्वनीच्या कोडमध्ये एफएफटी लागतेच आणि संशोधक हाताशी असलेली सगळ्यात वेगवान लायब्ररी उचलतो, बहुधा एफएफटीडब्ल्यू. तिचा खुला परवाना जीपीएल आहे. ती जोडून बंद (कोड न दाखवणारं) उत्पादन विकलं तर सगळा कोड खुला करण्याची जबाबदारी येते, नाहीतर वेगळा व्यावसायिक परवाना विकत घ्यावा लागतो. त्याऐवजी किस-एफएफटी ही लायब्ररी बीएसडी परवान्यावर मिळते, प्रोसेसर आखणाऱ्या आर्म कंपनीची सीएमएसआयएस-डीएसपी अपाचे २.० परवान्यावर. दोन्ही बंद उत्पादनात चालतात. बदल करायला दोन-तीन दिवस लागतात, पण तो करार होण्याआधी करायचा. कारण लायब्ररी बदलली की उत्तरं शेवटच्या काही अंकांत बदलतात, आणि संदर्भ म्हणून जपायची उत्तरं बदलानंतरची हवीत.

पेटंटच्या बाबतीत एकच तारीख सगळ्यात महत्त्वाची. हे काम पहिल्यांदा जाहीर कधी झालं? परिषदेतला निबंध, नेटवर टाकलेला मसुदा, विद्यापीठाच्या साइटवर चढवलेला प्रबंध, भिंतीवरचं पोस्टरसुद्धा. युरोपात अर्जाच्या आधी स्वतःच जाहीर केलेलं असेल तर नावीन्य संपतं, सर्वसाधारण सवलत नाही. अमेरिकेत बारा महिन्यांची मुदत मिळते. पहिला अर्ज केल्यावर इतर देशांत त्याच तारखेने दावा सांगायला बारा महिने असतात, आणि पीसीटी या आंतरराष्ट्रीय पेटंट कराराच्या मार्गाने गेल्यास देशनिहाय खर्च साधारण तीस महिन्यांपर्यंत लांबवता येतो. छोट्या कंपनीच्या दृष्टीने ही तीस महिन्यांची खिडकी फार कामाची. तेवढ्या काळात उत्पादन विकलं जातंय की नाही ते कळतं आणि देशोदेशीच्या फीचा निर्णय डोळे उघडे ठेवून घेता येतो.

दूरसंचाराच्या क्षेत्रात आणखी एक गोष्ट कंपनीला स्पष्ट शब्दांत सांगावी लागते. प्रयोगशाळेचा परवाना घेतला म्हणजे बाकीच्यांच्या पेटंटमधून सुटका झाली, असं नाही. प्रमाणित कोडेक (आवाज किंवा चित्र दाबून साठवण्या-पाठवण्याची पद्धत) किंवा रेडिओ प्रोटोकॉल वापरला की त्या प्रमाणामध्ये, म्हणजे स्टँडर्डमध्ये, गुंतलेली पेटंटं वेगळी. एचईव्हीसी हे व्हिडिओचं प्रमाण २०१३ मध्ये आलं, पण त्याच्या परवान्यांसाठी पुढे तीन वेगवेगळे गट उभे राहिले आणि त्यांपैकी एकातही नसलेले मालक वेगळेच होते. या गोंधळामुळे अनेकांनी २००३ चं जुनं प्रमाण एच.२६४ सोडलं नाही. उलट २०१२ साली आरएफसी ६७१६ या इंटरनेट-प्रमाणाच्या रूपात प्रसिद्ध झालेला ओपस हा ध्वनीचा कोडेक त्याच्या निर्मात्यांनी रॉयल्टीशिवाय वापरायला दिला आहे, म्हणून छोटी कंपनी विचारते तेव्हा आम्ही आधी तोच सुचवतो. आमच्या संस्थेत त्याच्या जोडीला काही विकायला असलं तरीही.

करारांचा क्रम असा ठेवावा: दोन पानी गोपनीयतेचा करार, मग सहा महिन्यांचा चाचणी परवाना, आणि चाचणीत आकडे जमले तरच खरा परवाना. चाचणी परवान्याला पैसे मागू नयेत असं आम्हाला वाटतं. त्या सहा महिन्यांत कंपनीच्या इंजिनिअरचा वेळ जातो, तोच तिचा खर्च. खऱ्या परवान्यात एकाधिकार मागितला जातो. तो सरसकट देऊ नये, वापराच्या क्षेत्रापुरता द्यावा. ‘दाराचे इंटरकॉम’ इतकं नेमकं लिहिलं तर तेच तंत्र श्रवणयंत्र बनवणाऱ्या दुसऱ्या छोट्या कंपनीला देता येतं. ठरावीक मुदतीत विक्री सुरू झाली नाही तर एकाधिकार आपोआप साधा परवाना होतो, हे कलमही घालायचं. नाहीतर सार्वजनिक काम एखाद्या कपाटात पडून राहतं आणि दुसऱ्या कुणालाही ते मिळत नाही.

रॉयल्टीच्या टक्केवारीवर खूप भांडण होतं. स्पीकरफोनमध्ये अल्गोरिदम हा वीसेक भागांपैकी एक. मग टक्केवारी कशावर काढायची, पूर्ण यंत्राच्या किमतीवर की त्या भागाच्या? दरवर्षी विक्रीचे आकडे मागवणं आणि तपासणं दोन्ही बाजूंना इतकं महाग पडतं की लहान रकमेसाठी ते करण्यात अर्थ राहत नाही. आमच्या पाहण्यात टिकलेली पद्धत अशी: तीन ठरावीक हप्ते, एक सहीला, एक बोर्डावर चाचणी पार झाल्यावर, एक पहिल्या हजार नगांनंतर. त्यापुढे प्रतिनग छोटी रक्कम आणि एकूण रकमेला कमाल मर्यादा. एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेला एमपी३ च्या परवान्यांतून वर्षानुवर्षं उत्पन्न मिळालं आणि तो कार्यक्रम २०१७ मध्ये बंद झाला. हे उदाहरण सगळ्यांच्या डोक्यात असतं. पण ते जगभराच्या प्रमाणाचं उदाहरण आहे. आठ माणसांच्या कंपनीकडून तशा ओघाची अपेक्षा धरून टक्केवारी ताणली की करारच होत नाही.

टक्केवारीपेक्षा जास्त लक्ष संशोधकाच्या दिवसांकडे द्यावं. ‘आवश्यक ते साहाय्य केलं जाईल’ असं मोघम वाक्य लिहू नये. वीस दिवस, त्यांपैकी आठ कंपनीच्या टेबलावर, पहिल्या चार महिन्यांत, आणि कुणाचे दिवस तेही. हे तंत्र एखाद्याच माणसाच्या डोक्यात पूर्ण असतं आणि बहुतेक वेळा त्याचा प्रबंध संपत आलेला असतो. सार्वजनिक संस्थेत सह्या जमायला महिने जातात. तेवढ्यात तो माणूस दुसरीकडे रुजू झाला, तर कंपनीच्या हाती कोड येतो, पण तो तसा का लिहिला आहे हे सांगणारं कुणी उरत नाही. म्हणून सह्यांची वाट न पाहता, चाचणी परवान्यावरच त्याला टेबलावर बसवावं.

कोड सुपूर्द करण्याच्या दिवशी एक नवा, कोरा संगणक घ्यावा आणि त्यावर कंपनीच्या माणसाने, संशोधकाने कीबोर्डला हात न लावता, सगळं बांधून चालवावं. इथे हमखास काहीतरी राहिलेलं निघतं. संशोधकाच्या घरच्या फोल्डरचा पत्ता कोडमध्ये असतो, मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरचा एखादा जादा संच लागतो जो कंपनीकडे नाही, नाहीतर पायथनच्या लायब्ररीची आवृत्ती निराळी असते. हे सगळं त्याच दिवशी मिटवून ती आवृत्ती गोठवायची आणि तिच्यासोबत टेस्ट व्हेक्टर द्यायचे: स्पीकरला गेलेला आवाज, माइकने पकडलेला आवाज, आणि संदर्भ कोडने दिलेलं उत्तर. किमान तीस-चाळीस नोंदी, प्रत्येकी मिनिटभराच्या. बोर्डावरचं उत्तर आणि संदर्भ उत्तर यांतला फरक संकेताच्या पातळीपेक्षा ८० डेसिबल खाली असेल तर उतरवणं बरोबर झालं, असा निकष आधीच लिहून ठेवायचा. ‘ऐकायला ठीक वाटतं’ या निकषावर वाद संपत नाहीत.

याहूनही मोलाचा कागद म्हणजे स्थिरांकांचा तक्ता. कोडमध्ये ०.३, ०.९९८, १२ असे आकडे विखुरलेले असतात. प्रत्येकासमोर चार गोष्टी लिहायच्या: हा कशासाठी, किती ते किती चालतो, वाढवला तर काय बिघडतं, आणि तो निवडला कुठल्या नोंदींवरून. हा तक्ता करायला संशोधकाचे पूर्ण दोन दिवस जातात आणि तो मनापासून कुरकुरतो. पण जाड मॅन्युअल कुणी उघडत नाही, आणि हा तक्ता इंजिनिअरच्या टेबलासमोर भिंतीवर चिकटलेला असतो.

आता बोर्डावर काय बिघडतं ते. पहिलं म्हणजे वेग. हिशेबाने प्रोसेसर चाळीस टक्के वापरला जायला हवा, प्रत्यक्षात अडीचपट लागतो. या चिपमधलं गणितयंत्र ३२ बिटांच्या दशांश संख्यांपुरतंच आहे. ६४ बिटांची संख्या आली की ते काम सॉफ्टवेअरने होतं आणि कित्येक पट हळू होतं. आणि सी भाषेत नुसतं ०.५ लिहिलं की ती ६४ बिटांची संख्या असते. शेवटी ‘एफ’ हे अक्षर जोडलं तरच ती ३२ बिटांची. एका गुणाकारात एक असा आकडा राहिला तरी आजूबाजूचं सगळं वर ओढलं जातं. संशोधकाच्या संगणकावर याचा पत्ताही लागत नाही. कंपायलरला अशा ठिकाणी इशारा द्यायला सांगणारा पर्याय असतो, तो पहिल्या दिवसापासून चालू ठेवावा.

दुसरं, शांतता. प्रयोगशाळेच्या नोंदींत पंख्याची, माइकची थोडी खसखस कायम असते, म्हणून संकेताची ऊर्जा कधीच शून्य होत नाही. इंटरकॉमवर पलीकडच्याने म्यूट दाबलं की मात्र अचूक शून्यं येतात. गुणक सुधारताना त्या ऊर्जेने भागायचं असतं. शून्याला शून्याने भागलं की ‘संख्याच नाही’ असं मूल्य येतं, ते गुणकांत शिरतं आणि वीज बंद करेपर्यंत निघत नाही. ग्राहक सांगतो, ‘म्यूट केल्यावर कधी कधी यंत्र मुकं होतं.’ उपाय एका ओळीचा, भाजकात एक छोटा स्थिरांक मिळवायचा. आमचा आग्रह असा की टेस्ट व्हेक्टरांत पूर्ण शून्यांची एक नोंद असलीच पाहिजे.

तिसरं फसवं आहे. पहिलं मिनिट सगळं उत्तम चालतं, मग प्रतिध्वनी हळूहळू परत येतो. स्पीकरच्या आणि माइकच्या घड्याळाचा क्रिस्टल वेगळा असेल तर दोघांची सेकंदाची कल्पना थोडी वेगळी असते. दहा लाखांत पन्नास इतकाच फरक धरा. १६ किलोहर्ट्‌झला तो सेकंदाला ०.८ सॅम्पल होतो, आणि दहा मिनिटांत ४८० सॅम्पल, म्हणजे ३० मिलिसेकंद. फिल्टर सतत सरकणाऱ्या लक्ष्यामागे धावत राहतो. प्रयोगशाळेत दोन्ही बाजू एकाच साउंड कार्डावर असतात, घड्याळ एकच, त्यामुळे निबंधात याचा उल्लेखही नसतो. ओळखायची पद्धत सोपी आहे. दर दहा सेकंदांनी एक टिचकी वाजवायची, दोन्ही बाजू नोंदवायच्या आणि तीच टिचकी दोन नोंदींत किती अंतराने येते तो विलंब वेळेसमोर आलेखात मांडायचा. सरळ तिरकी रेघ आली तर घड्याळं वेगळी. रेघ आडवी असून मधेच १२८ सॅम्पलची पायरी पडली, तर बफर (१२८ सॅम्पलचा एक तुकडा) हरवतोय आणि दोष ड्रायव्हरचा. घड्याळाचा दोष असेल तर बोर्डाच्या पुढच्या आवृत्तीत दोन्ही कोडेक चिप (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणाऱ्या) एकाच घड्याळावर आणाव्यात. बाहेरचा यूएसबी माइक असेल तर ते शक्य नसतं, मग सॅम्पलिंगचा दर चालू असतानाच जुळवून घेणारा भाग घालावा लागतो, आणि त्यालाही प्रोसेसर लागतो. बोर्ड पुन्हा करणं छोट्या कंपनीला फार जड जातं. म्हणूनच घड्याळाचा प्रश्न पहिल्या भेटीच्या त्या पानावर हवा.

चौथं म्हणजे प्लॅस्टिकचं खोकं. छोटा स्पीकर पूर्ण आवाजात चालवला की तो चिरकतो. माइकमध्ये पाच टक्के विकृती आली तर ती मूळ आवाजापेक्षा फक्त २६ डेसिबल खाली असते, आणि रेषीय फिल्टर तिला हात लावू शकत नाही. म्हणजे गणकयंत्र कितीही मोठं आणा, २६ च्या पुढे प्रतिध्वनी दबणार नाही. निबंधात ४० डेसिबल लिहिलेले असतात, कारण तिथला स्पीकर चांगला होता. एक किलोहर्ट्‌झचा सूर वाजवून माइकमध्ये दोन आणि तीन किलोहर्ट्‌झला काय येतं ते पाहावं. सुटा स्क्रू, माइकखाली न बसवलेली रबराची चकती, स्पीकरच्या मागची फट ही कारणं निघतात. आवाजाची कमाल तीन डेसिबलने उतरवली की पुष्कळदा काम होतं. शिवाय फिल्टरला द्यायचा संदर्भ आवाज-नियंत्रणाच्या आणि लिमिटरच्या (आवाज ठरावीक पातळीपुढे जाऊ न देणाऱ्या भागाच्या) नंतर, अगदी स्पीकरकडे जाताना घ्यायचा. तो आधी घेतला तर वापरणाऱ्याने बटण दाबल्यागणिक फिल्टरला सगळं नव्याने शिकावं लागतं.

दोघं एकाच वेळी बोलतात तेव्हाची चाचणी माणसांवरच करावी. पेस्क हे मोजमाप एका दिशेच्या आवाजाच्या गुणवत्तेसाठी आहे, प्रतिध्वनी आणि विलंबाचा त्रास त्यात धरला जात नाही. दोन खोल्या, दोन माणसं, हातात आकड्यांच्या याद्या. एकजण वाचत असताना दुसऱ्याने मधे बोलायचं आणि तिसऱ्याने कोणते आकडे गिळले गेले ते लिहायचं.

व्हिडिओतही गाठ इथेच बसते, फक्त आकडे निराळे. पाव बिटदर (सेकंदाला लागणारा डेटा) वाचवणारी, चित्र दाबण्याची पद्धत एका फ्रेमला काही सेकंद घेत असते, आणि कॅमेऱ्याला २५ फ्रेमच्या वेगात प्रत्येकीसाठी ४० मिलिसेकंदच मिळतात. शिवाय बचत मोजलेली असते स्वच्छ, प्रमाणित चित्रफितींवर. रात्रीच्या दाणेदार चित्रावर ती किती उरते, हे कंपनीच्याच कॅमेऱ्याच्या फिती प्रयोगशाळेत आणून आधी मोजावं.

परवान्यानंतरचे बारा महिने चुका दुरुस्त करण्याची जबाबदारी कुणाची, हे लिहिलेलं असतंच असं नाही. सार्वजनिक संस्था ‘आहे तसं’ देतात, आणि कंपनीला ते परवडत नाही. मधला मार्ग असा निघतो की टेस्ट व्हेक्टरांवर चूक दाखवता आली तर प्रयोगशाळा दुरुस्त करेल, ती फक्त बोर्डावर दिसत असेल तर कंपनी. त्यामुळे दोघांनाही व्हेक्टर वाढवत ठेवण्यात रस राहतो. ग्राहकाकडून तक्रार आली की इंजिनिअर त्या ठिकाणचा आवाज दोन्ही बाजूंनी नोंदवतो, फाइलला पुढचा क्रमांक देतो आणि रात्री आपोआप चालणाऱ्या चाचणीत ती घालतो. सकाळी अहवालात लाल ओळ असेल तर आधी भिंतीवरचा तक्ता पाहतो, आणि त्याने नाही भागलं तरच प्रयोगशाळेला फोन करतो.